टोलीवरचे पहिले बिऱ्हाड

१९६१ सालच्या वैशाखात आम्ही ज्या उतारावर बिऱ्हाड घेऊन उतरलो, तिथे त्या दिवशी एकही घर नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टेकड्यांच्या पायथ्याशी, वरच्या अंगाला बरड, खालच्या अंगाला नाल्याकाठची काळी पट्टी आणि मध्ये पळस, हिवर व रायमुनियाची झुडपे अशी ती वीस-बावीस एकरांची पडीक जमीन होती आणि तिच्यातले पाच एकर माझ्या वडिलांच्या नावे झाले होते. मागून आणलेल्या बंडीत जाते, पाणी भरायचे दोन गुंड, एक सब्बल, दोन कुदळी, तुराट्यांचे भारे आणि या सगळ्यावर माझी आजी, तिच्या मांडीवर माझी तीन वर्षांची बहीण, एवढा आमचा संसार होता. मी सात वर्षांची होते आणि बारा वर्षांच्या भावाबरोबर बंडीमागे चालत आले होते. आजीने खाली उतरण्याआधी चारही बाजूंना पाहिले आणि विचारले, "इथी कोण राहीन रे?" बाबा बैलांच्या मानेवरचे जू काढता काढता म्हणाले, "आपुनच राहू ना माय."

बाबा त्याआधी अकरा वर्षे एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. सालदारकी म्हणजे ठरलेली ज्वारी, थोडे रोख पैसे, एक घोंगडी आणि त्याबदल्यात पहाटेच्या चांदणीपासून रात्रीच्या चाऱ्यापर्यंतचा माणसाचा सगळा दिवस. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन दिली आणि तिथून भूदानाची चळवळ सुरू झाली, हे मला फार पुढे कळले. लहानपणी मला एवढेच माहीत होते की विनोबा नावाचे एक बाबा पायी फिरतात आणि जमीनवाल्यांना सांगतात, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजून माझा वाटा द्या. आमच्याकडे भूदानाचा कायदा लागू होता तो १९५३ चा आणि मध्य प्रदेशाचा, कारण विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. दान देणाऱ्यांची मने मोठी होती यात शंका नाही, पण कोणता बाप सहाव्या मुलाला गावाशेजारची कसदार काळी देतो? भूदानात नुसते दगड वाटले असे लोक आजही हसून सांगतात. आमच्यापुरते बोलायचे तर ते अर्धे खरे आहे. वरच्या अर्ध्यात दगड होते. खालच्या अर्ध्यात कुंदा नावाचे चिवट गवत होते आणि कुंद्यापेक्षा दगड परवडले, असे बाबाच म्हणत.

त्या उतारावर चार घरांना पट्टे मिळाले होते. जमीन विकायची नाही, स्वतः कसायची आणि पडीक ठेवायची नाही, अशा अटी होत्या. बाकीचे तिघे जुन्या गावातूनच, चार मैलांवरून, येऊन-जाऊन शेती करणार होते आणि त्यांना वेडे म्हणता येणार नाही, कारण उतारावर रात्री माणसाचा आवाज म्हणून ऐकू येत नव्हता. बाबांचा हिशेब निराळा होता. जो चार मैलांवर झोपतो त्याचे पीक रोही आणि रानडुकरे खातात, तेव्हा राहायचे तर वावरातच राहायचे.

पहिले घर सहा दिवसांत उभे राहिले. हिवराच्या मेढी, मध्ये तुराट्यांचे कूड, त्याला शेणमातीचा लेप आणि वर गवताचे छप्पर. टेकडीच्या पलीकडे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्ती, होते. तिथल्या एका म्हातारीने बांबूचा तट्टा विणून दिला आणि तोच आमचा दरवाजा झाला. लेप द्यायचे काम आई, आजी आणि मी करत होतो. शेण कालवताना त्यात कुटार, म्हणजे भुसा, किती घालायचे याचे माप आईच्या हातात होते. कुटार कमी पडले की भिंत वाळताना तडकते आणि जास्त झाले की हाताला चिकटतच नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ही भिंत तळाकडून विरघळली. रात्रभर आम्ही जात्याभोवती बसून होतो आणि पहाटे पाहिले तर खालचे हातभर कूड उघडे पडले होते व त्यातून नाल्यापर्यंतचे वावर दिसत होते. त्या वर्षी त्या भिंतीला मी चार वेळा लेप दिला. पुढल्या उन्हाळ्यात बाबांनी वावरातून वेचलेल्या दगडांचा हातभर जोता भिंतीखाली घातला, तेव्हा कुठे ती टिकली.

माझे स्वतःचे काम पाण्याचे होते. विहीर नव्हती. नाला फाल्गुनात आटत असे आणि मग वाळूत झिरा खणावा लागे. कमरेएवढा खड्डा केला की तळाशी गढूळ पाणी जमायचे, ते उपसून टाकायचे, पुन्हा जमू द्यायचे, वाळू खाली बसेपर्यंत काठावर उकिडवे बसून राहायचे आणि मग नारळाच्या करवंटीने, तळ न ढवळता, वरवरचे पाणी काढून गुंडात ओतायचे. करवंटी तिरपी धरून कड पाण्याला नुसती टेकवायची. घाई करून ती खाली दाबली की वाळू उठते आणि पुन्हा वाट पाहावी लागते. मोठा गुंड भरायला एकसष्ट करवंट्या लागत. भरलेला गुंड मला उचलवत नसे म्हणून आई येऊन तो नेई, आणि ती परत येईस्तोवर मी लहान गुंड भरून ठेवी आणि तो चुंबळीवर घेऊन चढ चढे. पहाटे दोन आणि दिवस कलताना दोन अशा खेपा होत्या. वैशाखात झिऱ्याला पाणी इतके हळू येई की एका गुंडाला अर्धी सकाळ जाई. कोलाम पोडावरच्या बायाही त्याच नाल्यात, थोड्या वरच्या अंगाला, झिरा करत. त्यांची कोलामी भाषा मला येत नव्हती आणि त्यांना माझी वऱ्हाडी अर्धीमुर्धी कळे, पण कोणाच्या झिऱ्याला पाणी जास्त आहे हे खुणेने सांगायचा रिवाज आमच्यात पडला होता आणि तो कोणी मोडत नसे.

आता कुंदा. हे गवत ज्याने काढले नाही त्याला ते सांगून समजणे कठीण आहे. काळ्या जमिनीत त्याच्या पांढऱ्या, बोटाएवढ्या जाड मुळ्या हात-दोन हात खोल जातात आणि खाली एकमेकींत गुंतून जाळे करतात. वखर त्यावरून नुसता घसरत जातो. नांगर लागला तर मुळ्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पावसाळ्यात वेगळे रोप होऊन वर येतो, म्हणजे नांगरणाऱ्याने कुंदा पेरलाच म्हणायचा. त्याला उपाय एकच, भर उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असताना कुदळीने आणि सब्बलीने खणून ढेकळे उलथायची. बाबा आणि भाऊ भेगेत सब्बल घालून दोघे मिळून दाबत; पाट्याएवढे ढेकूळ करकर आवाज करत उलटे. मग आई कुदळीच्या तुंब्याने ते फोडी आणि मी त्यातल्या मुळ्या वेचून टोपल्यात टाकी. मुळीचे टोक तुटून मातीत राहिले तर ते बोटांनी उकरून काढावे लागे. बाबा संध्याकाळी माझ्या वेचलेल्या जागेवरून अनवाणी चालत आणि पायाला टोचले की थांबत. ते रागावत नसत, नुसते बोटाने दाखवत आणि मी पुन्हा बसे. मुळ्यांचा ढीग आठ दिवस उन्हात वाळवून मग पेटवायचा. त्याचा धूर गोडसर असतो.

चौघांनी दिवसभर खपून दहा हात लांब आणि दहा हात रुंद एवढी जागा होई. एका एकराला दोन उन्हाळे लागले. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे नख त्या दोन उन्हाळ्यांत दोनदा गेले आणि दुसऱ्यांदा आले ते जरा वाकडे आले, ते अजून तसेच आहे. वरच्या बरडात काम सोपे होते पण संपत नव्हते. तिथले दगड वेचून आम्ही उताराला आडवे, ओळीने रचत गेलो आणि तेच आमचे धुरे, म्हणजे बांध, झाले. पाच-सहा पावसाळ्यांत त्या दगडांच्या वरच्या बाजूला वाहून आलेली माती अडून वीतभर थर साचला. दान म्हणून मिळाले ते दगड, आणि माती त्या दगडांनीच आम्हाला धरून दिली.

पहिल्या वर्षी फक्त ज्वारी आणि मध्ये तुरीच्या ओळी होत्या. बैल एकच होता, दुसरा जुन्या गावच्या एका गड्याशी सावड करून मिळे, म्हणून आमची पेरणी सगळ्यांची झाल्यावर होई. तिफणीमागे आई सरत्यातून तूर सोडी आणि मी ओटीत बी घेऊन तिच्या बाजूने चाले. कणसे भरली की माझा मुक्काम दिवसा माळ्यावर, गोफण घेऊन. रात्रीची जागल बाबा आणि भाऊ करत. पहिल्या वर्षी दोन पोती ज्वारी झाली. सालदारकीत याहून जास्त मिळत होती आणि ही गोष्ट आजीने त्या हिवाळ्यात रोज एकदा तरी बोलून दाखवली. आई काही बोलत नसे. पावसाळ्यात ती आम्हाला तरोट्याची आणि अंबाडीची भाजी व ज्वारीच्या कण्या घाली आणि कण्या पातळ होत गेल्या की आम्ही समजत असू.

विहिरीचे बाबांच्या मनात पहिल्या दिवसापासून होते. तगाईचे सरकारी कर्ज मंजूर व्हायला तहसिलीच्या किती खेपा झाल्या ते मी मोजले नाही, पण १९६४ च्या उन्हाळ्यात कुदळ पडली. त्याच वर्षी विनोबा तेरा वर्षांची पदयात्रा आटोपून पवनारला परतले होते आणि बाबा पायी जाऊन त्यांना लांबून पाहून आले. त्यांच्याशी बोलणे झाले नाही. पण धाम नदीचे पाणी मात्र ते बाटलीत भरून घेऊन आले आणि पाणाड्याने जिथे उंबराची बेचकी फिरवून जागा दाखवली होती तिथे त्यांनी ते शिंपडले. पाणाड्यावर माझा आजही विश्वास नाही. त्याने दाखवलेली जागा नाल्याच्या वळणाच्या अगदी अंगाला होती आणि तिथे पाणी असणार हे सात वर्षांच्या पोरीनेही झिरा खणता खणता सांगितले असते.

बारा हात व्यासाचे वर्तुळ आखले. वरची काळी माती कमरेपर्यंत, मग मुरूम, आणि मुरूम दोन पुरुष खोलीपर्यंत चांगला निघाला. तोवर खणणारे आम्हीच. कडेने पायऱ्या कोरल्या होत्या. खाली बाबा आणि भाऊ भरत, मधल्या पायरीवर आई आणि वरच्या पायरीवर मी, अशी टोपली हातोहात वर येई आणि मी ती नेऊन ढिगावर टाकी. टोपली ओली असली तर मुरमाचे पाणी मानेवरून पाठीत उतरे. पाऊस आला की काम बंद, आणि पुढच्या उन्हाळ्यात आधी आत पडलेली माती काढायची. दोन पुरुषांखाली काळा पाषाण लागला आणि आमच्या कुदळी संपल्या. मग सुरुंग लावणारे वडार आणावे लागले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, घणागणिक पहार थोडी फिरवायची. असे हातभर भोक पडले की त्यात दारू ठासून वात लावायची. "सुरुंग हाय, सुरुंग!" अशी हाक आली की आम्ही पोरे मोहाच्या झाडामागे पळत असू. एकदा एक दगड छपरातून आरपार आला आणि आजीने नुकतीच भाकर थापून रिकामी केलेल्या परातीत पडला. परातीला पडलेला पोचा मी लग्न होऊन जाईपर्यंत पाहत होते. आजी त्या दिवसापासून सुरुंगाच्या वेळी नाल्यावर जाऊन बसू लागली.

१९६५ साली पावसाने दगा दिला. ज्वारी कमरेला येण्याआधीच वाळली, तगाईचा पुढचा हप्ता अडला आणि वडार दुसऱ्या कामावर निघून गेले. ते वर्ष आम्ही कसे काढले याबद्दल मी फार लिहिणार नाही. आई आणि मी जुन्या गावात निंदणाला जात होतो आणि बाबा परत सालाला बांधले जातात की काय, अशी आम्हा सगळ्यांना धास्ती होती. काम पुन्हा सुरू झाले ते १९६६ च्या चैत्रात. एका संध्याकाळी सुरुंग उडाल्यावर उत्तरेकडच्या कपारीतून ओल दिसली, एवढेच. सकाळी बाबा उतरले तेव्हा गुडघाभर पाणी होते. त्यांनी ओंजळीने घेऊन पाहिले आणि खालून ओरडले, "गोडं हाय वं!" आई पायऱ्या उतरून गेली, पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ वर आली नाही. पाच पुरुष खोल विहीर झाली होती.

शाळेचे इथेच सांगते, कारण ते विहिरीशी जोडलेले आहे. शाळा तीन मैलांवर होती आणि मला तिथे घातले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गुरुजींनी पहिल्या दिवशी अंक म्हणायला सांगितले. मी न अडखळता एकसष्टपर्यंत म्हटले आणि थांबले. "फुडं?" त्यांनी विचारले. पुढे गुंड भरलेला असे, मला पुढचे येत नव्हते. गुरुजी हसले, पण चिडवण्याने नव्हे, आणि आठवड्यात त्यांनी मला शंभरपर्यंत नेले. मात्र पाण्याच्या दोन खेपा करून मी पोहोचायची ती प्रार्थना संपल्यावर, आणि चैत्र-वैशाखात तर जाणे व्हायचेच नाही. आई म्हणायची, "विहिरीले पाणी लागू दे, मंग तू रोज जाय." ती खोटे बोलत नव्हती, तिला तसेच वाटत होते. पाणी लागले तेव्हा मी बारा वर्षांची झाले होते, मोट सुरू झाली होती आणि मोटेच्या धावेवर बैलांमागे जायला कोणीतरी हवे होते. भाऊ तोवर तालुक्याच्या शाळेत होता. झिऱ्यावरून सुटले ती मी थेट धावेवर आले आणि शाळा तिसरीतच राहिली. याबद्दल कोणावर राग धरावा हे मला ठरवता आलेले नाही.

मोटेचे काम मला आवडत असे, हेही सांगायला हवे. बैल उताराने खाली गेले की मोट भरून वर येते, सोंड पसरते, पाणी थारोळ्यात कोसळते आणि बैल उलट्या पावलांनी वर येतात. हे चक्र एकदा लागले की हातातला आसूडही उचलावा लागत नाही. त्या पाण्यावर आम्ही पहिल्यांदा मिरची आणि वांगी लावली आणि वांग्याच्या भरताला घरचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळाला.

पाणी लागल्याची बातमी उतारावरच्या बाकीच्या तीन घरांना बरोबर कळली. वर्षाच्या आत एकाने छप्पर उभारले आणि त्यांच्या मागून आणखी लोक आले. १९७० पर्यंत सात घरे झाली. लोक त्या वस्तीला नुसते टोली म्हणू लागले. पण नुसती घरे झाली म्हणून टोलीचे गाव होत नाही, हे त्याआधीच, आजी गेली तेव्हा कळले होते. १९६७ च्या श्रावणात ती वारली आणि तिला कुठे न्यायचे यावरून बापेमंडळींत वाद झाला, कारण टोलीला स्मशान नव्हते. चार मैल चिखलातून जुन्या गावी न्यावे असे बहुतेकांचे म्हणणे होते. बाबांनी नाल्याच्या पलीकडचा उंचवटा दाखवला आणि म्हणाले, इथेच. ज्या आजीने बंडीतून उतरताना इथे कोण राहील असे विचारले होते, तिच्याच नावाने ती जागा पडली. "मायनं टोलीले मसनवटा देल्ला," असे बाबा पुढे कित्येक वर्षे सांगत. मातामायचे, म्हणजे गावदेवीचे, दगड निंबाखाली बसवले गेले ते त्यानंतर. आणि पुढल्या वर्षी टोलीचा पहिला पोळा भरला. जुन्या गावच्या तोरणाखाली मानाची जोडी पाटलाची असे आणि सालदाराच्या हातात मालकाच्या बैलाचा कासरा असे. टोलीवर पाच जोड्या होत्या. आदल्या संध्याकाळी बाबांनी आमच्या बैलांचे खांदे पळसाच्या पानाने तूप लावून शेकले आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे म्हणून त्यांना आमंत्रण दिले. ते शब्द बाबा दरवर्षी मालकाच्या गोठ्यात म्हणत आले होते. त्या दिवशी त्यांचा आवाज थोडा जास्तच मोठा लागला आणि शेजारच्या छपरातले लोक हसले.

१९७१ मध्ये माझे लग्न झाले. मी सतरा वर्षांची होते. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने तेव्हा पंधरा होते, अठरा झाले ते १९७८ साली. सासरी कोरडवाहू तीन एकर होते. १९७२ च्या दुष्काळात मी दुष्काळी कामावर खडी फोडली, आणि त्याच उन्हाळ्यात माहेरच्या विहिरीवर टोलीची सातही घरे आणि कोलाम पोडावरच्या बाया पाणी भरत होत्या, असा निरोप आला. तळ दिसला होता, पण आटली नाही. पुढची वर्षे इथे सांगण्याजोगी नाहीत. मोटेच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली, ज्वारी गेली आणि सगळीकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस, झाली.

बाबा १९९४ मध्ये गेले आणि आई २०१९ मध्ये. मधली सगळी वर्षे सातबाऱ्यावर बाबांचेच नाव होते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी वर्दी द्यायची असते, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे, पण आमच्याकडे असे काम गरज पडल्याशिवाय कोणी करत नाही. गरज पीककर्जाची पडली. २०२१ च्या उन्हाळ्यात पुतण्या कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आत्या, इथी सही पाह्यजे." ते हक्कसोड लिहून देण्याविषयीचे होते. धाकट्या बहिणीने आधीच होकार दिला होता. ती टोलीवर आली तेव्हा तीन वर्षांची होती, तिला विहीर आठवते ती भरलेलीच. मी पुतण्याला सांगितले की आधी सगळ्यांची नावे लागू दे, सोडायचे काय ते मग पाहू. त्याने पाणी घेतले, चहा घेतला नाही.

वकिलांनी मला जे सांगितले ते थोडक्यात असे: जमीन वडिलांना स्वतःला मिळालेली, वडिलोपार्जित नव्हे, म्हणून १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच विधवा, मुलगे आणि मुली यांचा तिच्यात सारखा वाटा होता, २००५ च्या दुरुस्तीची मला वाट पाहायची गरजच नव्हती. मी ते दोनदा विचारून घेतले. मग दोघांचे मृत्यूचे दाखले, वारसांचे शपथपत्र, सगळ्यांची आधार कार्डे आणि अर्ज असे तलाठ्याकडे दिले. वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ते पंधरा दिवस लांब गेले. मोठ्या भावाचा फोन येत नव्हता. वहिनीने एकदा दुसऱ्या कोणाकडून निरोप धाडला की बाईले आता म्हातारपणी वावर कायले पाह्यजे. पंधरावा दिवस गेला आणि कोणीही हरकत घेतली नाही, भावानेही नाही. त्याने का घेतली नाही हे मी त्याला विचारलेले नाही.

सातबारा मी स्वतः जाऊन आणला. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, क्षेत्र दोन हेक्टर दोन आर, त्यातले काही पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारे, आणि आम्हा भावंडांची नावे सामाईक. पोटखराब लिहिले आहे ती बहुधा वरच्या अंगाची जागा असावी, जिथे आमचे पहिले छप्पर होते. खाली गाव नमुना बारामध्ये, पाण्याच्या साधनाच्या रकान्यात, "विहीर" एवढा एक शब्द आहे.

कागद घेऊन मी तशीच टोलीवर गेले. भाऊ विहिरीच्या थारोळ्यावर बसला होता. मी शेजारी बसले आणि आत वाकून पाहिले तर पाणी हिरवे दिसत होते. यंदा गाळ काढायला हवा, असे मी म्हटले. त्यानेही वाकून पाहिले आणि म्हणाला, "आधी मोटर काढा लागन."